पहिला टॉवेल हातमागावर: ताण्यापासून धुण्यापर्यंत

हातमाग शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्याच दिवशी धोटा फेकायचा असतो. मी आधी सुताची लडी हातात देते आणि ती उलगडायला बसवते. कापड ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, ठरतं, असं माझं ठाम मत आहे. ताणा एकसारखा लागला की विणायला बसल्यावर जेवणाची शुद्ध राहत नाही. तोच कुठे ढिला, कुठे आवळ लागला, तर हात कितीही तरबेज असो, कापड सरळ येत नाही. म्हणून इथे ताण्याबद्दल भरपूर आणि विणण्याबद्दल त्या मानाने थोडं वाचायला मिळेल.

मी सोलापूरची. शहराच्या पूर्व भागात, जिथे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे, तिथे लहानाची मोठी झाले. सोलापुरी चादर आता बहुतेक यंत्रमागावरच निघते, पण आमच्या शेजारी एक खड्डामाग होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले मामा आणि पायांखाली पावड्या, म्हणजे दाबायच्या पट्ट्या. विणकाम मी त्यांच्याकडून शिकले. आता मी घरी चार वह्यांच्या (धागे उचलणाऱ्या चौकटींच्या) टेबल लूमवर विणते आणि शिकवते. खाली जे सांगतेय ते अशाच लहान मागासाठी आहे, पण हिशेब आणि शिस्त मोठ्या मागालाही तीच.

चार-पाच शब्द आधी पक्के करू. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. बाण्याचा धागा ज्यावर गुंडाळतात ती कांडी, आणि कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे जातो तो धोटा. ताण्याचा एकेक धागा ज्या डोळ्यातून जातो, त्या डोळ्यांच्या चौकटीला वही म्हणतात. वही उचलली की तिच्यातले धागे वर येतात आणि धोटा जायला फट पडते. धाग्यांमधलं अंतर सांभाळणारी आणि बाणा ठोकून बसवणारी ती फणी.

काय विणायचं, सूत किती घ्यायचं

बऱ्याच जणींच्या मनात पैठणी असते. येवल्याच्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या लहानशा तिल्लीवर असतो, आणि विणकर नक्षीच्या प्रत्येक वळणावर ते रंग हाताने एकमेकांत अडकवत पुढे जातो. भरीव कामाची पैठणी मागावर महिनोन्‌महिने राहते. ते काम डोळे भरून पाहायला येवल्याला जरूर जा. स्वतः मात्र सुरुवात सुती टॉवेलने करा. टॉवेलला साधी वीण पुरते, तो रोज वापरात येतो, आणि आपण कुठे सैल पडलो, कुठे हात बसला, हे तो स्पष्ट दाखवतो.

सूत २/१० नंबरचं घ्या. सुताचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक: १ नंबरच्या सुताची ८४० यार्डांची एक लडी एक पौंड भरते, १० नंबरच्या अशा दहा लड्या एका पौंडात बसतात. २/१० म्हणजे १० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले. पिळामुळे हा धागा इतका मजबूत असतो की त्याला खळ द्यावी लागत नाही. एकपदरी सुताला तांदळाची किंवा गव्हाची खळ दिल्याशिवाय गत्यंतर नाही, नाहीतर ते फणीच्या घासण्याने पिंजतं. पहिल्या कामाला तो व्याप नको.

आता हिशेब. तीन टॉवेल, प्रत्येकी ७५ सेंटीमीटर विणायचे, म्हणजे सव्वादोन मीटर. बाण्याच्या वर-खाली जाताना ताणा आखडतो, त्यासाठी सुमारे दहा टक्के धरा: अडीच मीटर. मागाच्या पुढे-मागे बांधण्यात जो ताणा विणताच येत नाही, तो ७० सेंटीमीटरच्या आसपास. झाले सव्वातीन. ताणा साडेतीन मीटरचा घ्या. रुंदी फणीत १८ इंच आणि इंचाला २० धागे, म्हणजे ३६० धागे. दोन्ही काठ मजबूत व्हावेत म्हणून प्रत्येक काठाला दोन जास्त. एकूण ३६४. साडेतीन मीटरने गुणा: सुमारे १,२७५ मीटर ताणा. बाणा ८०० मीटर धरला तरी चार लड्यांत, साधारण साडेतीनशे ग्रॅममध्ये, सगळं बसतं आणि बरंच उरतं. हा हिशेब दरवेळी कागदावर लिहून काढायचा. अर्धा टॉवेल विणून ताणा संपला, तर तो टॉवेल पुरा करायची सोय नसते.

रंगीत सूत आणलं असेल तर एक तुकडा कोमट पाण्यात, पांढऱ्या चिंधीत गुंडाळून रात्रभर ठेवा. चिंधी रंगली तर सगळ्या लड्या ताणा घेण्याआधीच धुऊन काढा.

ताणा

ताणा घ्यायला खुंट्या मारलेली लाकडी चौकट लागते. सुताराकडून सहज बनते. खुंट्या पक्क्या हव्यात, कारण एक धागा काहीच ओढत नाही, पण तीनशे धागे मिळून सैल खुंटीला आत वाकवतात आणि मग शेवटचे धागे पहिल्यापेक्षा तोकडे होतात. आधी साडेतीन मीटरचा एक दोरा वेगळ्या रंगाचा घ्या, त्याची वाट खुंट्यांवर आखा, आणि मग सूत त्याच वाटेने न्या-आणा.

एका टोकाच्या दोन खुंट्यांमध्ये धागा जाताना वरून खाली आणि येताना खालून वर घ्यायचा, म्हणजे तिथे फुली पडते. या फुलीवर सगळं अवलंबून आहे. धाग्यांचा क्रम तिच्यात साठवलेला असतो. ती सुटली तर ३६४ धाग्यांचा गुंता हातात राहतो. दर वीस धाग्यांनंतर रंगीत दोऱ्याने खूण करा. मोजताना कोणाशी बोलू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

हाताचा ताण या टप्प्यावर पहिल्यांदा कळतो. धागा बोटांतून नुसता सरकू द्यायचा. ओढायचा नाही, लोंबूही द्यायचा नाही. मामा म्हणायचे, “धाग्याला तू आहेस हे कळलं पाहिजे, तू धरलंयस हे कळायला नको.” मध्ये गाठ आली तर ती तशीच पुढे जाऊ देऊ नका. टोकाच्या खुंटीपर्यंत मागे या, धागा कापा आणि तिथेच नवा बांधा. मधली गाठ पुढे वहीच्या डोळ्यात किंवा फणीच्या घरात, म्हणजे दोन पात्यांमधल्या फटीत, अडकते आणि धागा तुटतो.

ताणा पुरा झाला की फुलीचे चारही हात वेगवेगळे बांधा, मध्ये दोन-तीन ठिकाणी घट्ट आवळा, आणि दुसऱ्या टोकापासून साखळी घालत उतरवा.

बीमवर, म्हणजे मागाच्या मागच्या आडव्या दांड्यावर, ताणा गुंडाळायला दुसरं माणूस हवंच. एकाने पुढून ताणा धरायचा, दुसऱ्याने मागून बीम फिरवायचं. धरणाऱ्याने ताणा बोटांनी विंचरायचा मोह टाळावा. विंचरल्याने सैल धागे पुढे सरकून साठतात. त्याऐवजी ताणा झटकायचा आणि सगळा एकाच जोराने ओढून धरायचा. बीमच्या प्रत्येक फेऱ्यात जाड खाकी कागद किंवा बांबूच्या पट्ट्या घाला. त्या नसल्या तर वरचे थर खालच्या थरांत रुततात, काठाचे धागे घसरतात, आणि अर्धा टॉवेल झाल्यावर काठ लोंबायला लागतात. माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. कागद फुकटचा असतो आणि त्याच्यासारखं दुसरं औषध नाही.

वही भरणं आणि फणी भरणं

फुलीत दोन पट्ट्या घालून त्या मागाला बांधा. मग पहिला धागा पहिल्या वहीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. ३६४ ला चाराने भाग जातो, म्हणजे ९१ फेऱ्या. हे काम सकाळच्या उजेडात, पाठीला आधार घेऊन करायचं. प्रत्येक चार धाग्यांनंतर बोटाने चाचपून पाहा, वीस झाले की सैल गाठ मारा. पहिल्या ताण्याला तीन-चार तास सहज जातात. मला हा वेळ फार प्रिय आहे. हात हळूहळू स्वतःच मोजायला लागतात, घर शांत असतं, आणि एकेक धागा आपापल्या जागी जाऊन बसताना दिसतो.

फणी इंचाला दहा घरांची घ्या, एका घरात दोन धागे. दोन्ही टोकांच्या घरात मात्र चार-चार. १८० घरं भरली की बरोबर १८ इंच होतात. कमी-जास्त आलं तर कुठेतरी घर रिकामं राहिलंय किंवा तीन धागे गेलेत. रिकाम्या घराची उभी फट कापडात शेवटपर्यंत राहते. इतर बारीकसारीक फणीच्या रेषा धुतल्यावर मिटतात, ही मिटत नाही.

पुढच्या दांड्याला बांधताना इंचभराच्या जुड्या करा. मधली जुडी आधी, मग दोन्ही काठांच्या, मग उरलेल्या आलटून पालटून. सगळ्या बांधून झाल्या की डोळे मिटून तळहात ताण्यावरून फिरवा. सैल जुडी हाताला लगेच लागते, डोळ्याला दिसत नाही. पुन्हा आवळा, पुन्हा हात फिरवा.

विणायच्या आधी एकदा पहिली आणि तिसरी वही उचला आणि बाजूने, फटीच्या पातळीवर डोळे आणून पाहा. एखादा धागा मध्येच लटकत असेल तर तो कुठेतरी दुसऱ्या धाग्याला ओलांडून गेला आहे. दुसरी आणि चौथी उचलूनही तेच पाहा. आत्ता दुरुस्ती पाच मिनिटांची असते.

विणणं

आधी जुन्या साडीच्या किंवा धोतराच्या चिंध्या बाणा म्हणून दोन-तीन इंच विणा. जुड्यांमुळे ताणा पंख्यासारखा पसरलेला असतो, तो या चिंध्यांनी एकसारखा होतो. मग टॉवेल सुरू.

पहिली-तिसरी वर, धोटा उजवीकडून डावीकडे, फणी ठोका. दुसरी-चौथी वर, धोटा डावीकडून उजवीकडे, फणी ठोका. एवढंच. पण बाणा टाकताना तो सरळ आडवा ठेवायचा नाही. धोटा बाहेर आला की धागा काठाशी हलकासा बसवा आणि फटीत तिरका, चढण चढल्यासारखा वर जाऊ द्या, मग ठोका. बाणा प्रत्येक ताण्याच्या वरून-खालून वळणं घेत जाणार. त्या वळणांना लागणारी लांबी आधीच द्यावी लागते. ती दिली नाही तर तो काठांना आत खेचतो, १८ इंचांचं कापड बघता बघता १६ वर येतं, काठाचे धागे फणीत घासले जातात आणि तुटतात. इंच-दीड इंच आत येणं स्वाभाविक आहे. त्याहून जास्त आलं तर तिरपा वाढवा. काठ सुधारायचा म्हणून धागा ओढून घेणं हा सगळ्यांच्या हाताचा पहिला कल असतो. काठ सुधारतो तो धागा सोडल्याने.

कांडी कशी भरली आहे यावरही काठ ठरतो. आधी दोन्ही टोकांना थोडं गुंडाळा, मग मधला भाग भरा, आणि कडेपर्यंत फुगवू नका. घट्ट, गुळगुळीत भरलेली कांडी धोट्यात स्वतःहून सुटत जाते. सैल भरलेली अडकते, आणि प्रत्येक अडकण्याला काठावर एक खळगा पडतो.

ठोकायचा जोर मोजून ठरवा. इंचाला १८ बाणे आले की टॉवेल मऊ होतो आणि पाणी चांगलं टिपतो. पट्टी जवळच ठेवा. थकवा आला की हात हलका पडतो, रागात असलं की जड. कापडात ते पट्ट्यांसारखं उमटतं. म्हणून एका बैठकीत निदान एक हातभर तरी सलग विणा, आणि मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी कांड्या भरा.

दर दोन-तीन इंचांनी कापड पुढे गुंडाळा आणि ताण पुन्हा तेवढाच ठेवा. टॉवेल किती झाला हे मोजायला कागदाची पट्टी टाचणीने लावून पुढे सरकवत न्या.

या सगळ्यात एक क्षण येतो, साधारण पहिला टॉवेल अर्ध्यावर असताना. फट, धोटा, ठोका यांची लय लागते आणि मागाचा आवाज बदलतो. दुसऱ्या खोलीतूनही मला कळतं की शिकणाऱ्याचा हात बसला. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालला, त्या घरांतल्या माणसांना हा आवाज झोपेतही ओळखू येतो.

धागा तुटला तर

तुटणारच. घाबरू नका आणि ओढून गाठ मारायचा प्रयत्नही करू नका, तेवढी लांबी उरलेली नसते. त्याच सुताचा अर्धा मीटरचा तुकडा घ्या. मागे, वहीच्या पलीकडे, तुटलेल्या टोकाला तो सुटेल अशा फुलगाठीने बांधा. रिकाम्या डोळ्यातून आणि फणीच्या त्याच घरातून पुढे आणा. विणलेल्या कापडात, कडेपासून दोन इंच खाली एक टाचणी आडवी खोचा आणि धागा तिच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा. शेजारच्या धाग्यांवर बोट आपटून पाहा. नव्याचा ताण तेवढाच लागला पाहिजे. विणत पुढे जा. मूळ धागा पुढे यायला लागला की फुलगाठ सोडा आणि त्यालाही तसाच टाचणीवर घ्या. मागे राहिलेली टोकं शेवटी सुईने कापडात ओवायची. धुतल्यावर ही जागा शोधून सापडत नाही.

एकच धागा पुन्हा पुन्हा तुटत असेल तर त्याच्या वाटेत काहीतरी आहे: फणीची वाकलेली पात, डोळ्याला चिकटलेली गाठ, शेजाऱ्याशी पडलेला पीळ. आधी ते शोधा.

सगळीकडचेच धागे तुटत असतील तर हवेकडे पाहा. कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होतो, ओलाव्यात बळकट. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मी पहाटे विणते, मागाखाली ओलं गोणपाट अंथरते आणि कांड्या दमट फडक्यात गुंडाळून ठेवते. खड्डामागाचा ताणा जमिनीलगत असतो, मातीचा गारवा त्याला आपोआप मिळतो. पावसाळ्यात उलट काळजी: लोखंडी फणी गंजते आणि गंजाचा डाग पांढऱ्या सुतावरून जात नाही. काम थांबवताना फणी कोरड्या फडक्याने पुसा. ताण रोज रात्री सैल करून ठेवा, मग ऋतू कोणताही असो.

उतरवणं आणि धुणं

मागावरून उतरवलेलं कापड पाहून काहींचा चेहरा पडतो. ते जाळीदार, ताठ, काहीसं चिंधीसारखं वाटतं. ते अजून कापड झालेलं नसतं. टॉवेल वेगळे करण्याआधी कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनवर नागमोडी टीप मारा, मग कापा, कडा दुमडून शिवा. नंतर गरम पाण्यात, थोड्या साबणात, अर्धा तास भिजवा आणि हाताने चांगलं चुबकून धुवा. पिळून सावलीत वाळवा, किंचित ओलं असतानाच इस्त्री फिरवा. धागे फुगतात, एकमेकांना बिलगतात, जाळी मिटते. १८ इंचांचं कापड पंधरा-सोळा इंचांवर येतं आणि तेवढंच घट्ट होतं. हा बदल पाहण्यासाठी मी शिकणाऱ्यांना एक इंचभर पट्टी न धुता ठेवायला सांगते. दोन्ही शेजारी धरून बोटांनी चाचपून बघा.

हे सगळं एकदा स्वतः केलं की हातमागाच्या पंचाची किंमत जास्त वाटत नाही. यंत्रमाग तेवढ्या वेळात कितीतरी पट कापड काढतो, हे खरं. पण हाताने लावलेल्या ताण्याचे तास कुणीतरी दिलेले असतात, आणि ते विकत घेताना घासाघीस करणं मला पटत नाही. खरेदी करताना हातमाग चिन्ह पाहा आणि विणकराला शक्यतो थेट पैसे द्या.

माग विकत घ्यायची घाई करू नका. आधी कुणाच्या तरी मागावर एक ताणा सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावा. मुंबई आणि नागपूरला सरकारची विणकर सेवा केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा. ओळखीचा विणकर असेल तर त्याच्याशेजारी नुसतं बसायलाही जा. घ्यायचाच झाला तर २४ इंच रुंदीचा, चार वह्यांचा, जड लाकडाचा घ्या. हलका माग ठोक्यासरशी सरकतो.

आणि शेवटचा टॉवेल कापताना मागे उरलेला ताणा ओढून फेकू नका. फणीच्या पुढे धाग्यांच्या जुड्या करून गाठी मारा, म्हणजे ते निसटणार नाहीत, आणि वही-फणी भरलेली तशीच ठेवा. पुढच्या वेळी तेवढ्याच धाग्यांचा नवा ताणा घ्या, त्याची फुली पट्ट्यांवर ठेवून मागाच्या मागच्या बाजूला बांधा, आणि जुन्याचं एक टोक, नव्याचं एक टोक, असं क्रमाने जोडत जा. याला सांधणी म्हणतात. गाठ लहान आणि चपटी हवी, टोकं अर्ध्या इंचाहून लांब नकोत. सगळ्या झाल्या की पुढून थोडं थोडं ओढत गाठी आधी वहीतून, मग फणीतून पार करा. वही भरायचे तीन-चार तास वाचतात, आणि त्याच दिवशी दुपारी धोटा हातात येतो.